यंत्राची कुंडली फाइलमधून वाचा: लिनक्समध्ये फर्मवेअरची माहिती मिळवण्याची वाट

कॉलेजच्या लॅबमधले साठ पीसी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येकाचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर आणि रॅम भरायची आहे. त्यासाठी टेबलाखाली वाकून, कॅबिनेट फिरवून, अर्धवट पुसलेलं स्टिकर मोबाइलच्या उजेडात वाचत बसायची गरज नाही. ही माहिती मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपवर बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, कारखान्यातच लिहिलेली असते. लिनक्स चालू होताना त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, ती उचलतो आणि साध्या फाइलींच्या रूपात समोर मांडतो.

बहुतेक नवशिक्यांना या फाइली माहीत नसतात. ते सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या (रूटच्या) हक्काने, ही माहिती छापणारा डीएमआयडीकोड चालवतात, त्याच्या छापील मजकुरातून ग्रेप या शोध-कमांडने ओळी ओढतात आणि तेवढी एक कमांड चालावी म्हणून अख्खा प्रोग्रॅम रूटच्या हक्काने चालवतात. मॉडेलचं नाव विचारायला आलेल्या माणसाच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्यात, तसं हे होतं. बरीचशी माहिती साध्या युजरलाही वाचता येते, आणि जी वाचता येत नाही तिच्यापुरतीच वेगळी सोय करता येते. ती कशी करायची आणि वाचलेल्या माहितीवर किती विसंबायचं, ते पुढे आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधीच सांगतो. इथे फाइलींचे मार्ग आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोट्या लिपीत. '/सिस' म्हणजे एस-वाय-एस. कुठे अडलात तर टॅबची कळ दाबा, नाव आपोआप पूर्ण होईल.

काय काय लागेल

- लिनक्स चालणारा कुठलाही पीसी किंवा लॅपटॉप. इन्स्टॉल केलेला नसला तरी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवलेला चालेल.
- सुडोचा हक्क. पहिल्या दोन पायऱ्यांना तोही लागत नाही.
- डीएमआयडीकोड हे पॅकेज, पडताळणीसाठी.
- एसीपीआयचे (वीज, तापमान वगैरेंविषयीचे फर्मवेअरचे) तक्ते उलगडायचे असतील तर एसीपीआयसीए-टूल्स, आणि रास्पबेरी पाय या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकासाठी डीटीसी.
- सरावासाठी क्यूईएमयू, म्हणजे पीसीच्या आत खोटा पीसी चालवणारा प्रोग्रॅम. हे ऐच्छिक आहे, पण फार उपयोगी.

१. माहिती कुठून येते ते समजून घ्या

पीसीच्या जगात या माहितीचा नमुना डीएमटीएफ या संस्थेने ठरवून दिला आहे. त्याचं नाव एसएमबायोस. जुनं नाव डीएमआय, आणि लिनक्समधल्या फोल्डरांना तेच चिकटलं आहे. फर्मवेअर मेमरीमध्ये नोंदींची एक रांग मांडून ठेवतं. प्रत्येक नोंदीला प्रकार-क्रमांक असतो: ० म्हणजे बायोस, १ म्हणजे पूर्ण यंत्रणा, २ मदरबोर्ड, ३ कॅबिनेट, ४ प्रोसेसर, १७ रॅमची पट्टी. १२७ आला की रांग संपली. १२८ पासून पुढचे क्रमांक कंपन्यांना स्वतःच्या खाजगी नोंदींसाठी मोकळे सोडले आहेत.

ही रांग शोधण्यासाठी पूर्वीचे प्रोग्रॅम '/डेव्ह/मेम' उघडून थेट मेमरी चाळत असत. आजच्या बहुतेक कर्नलमध्ये ती वाट बरीचशी बंद केलेली असते, आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर कर्नलच्या लॉकडाउन या बंधनामुळे ती पूर्णच बंद असू शकते. म्हणून जुन्या ट्युटोरियलमध्ये '/डेव्ह/मेम' दिसलं तर ते बाजूला ठेवा.

आता हे काम सिसएफएस करतं. ही डिस्कवर नसलेली, कर्नलने मेमरीतून दाखवलेली फाइलव्यवस्था आहे, २.६ मालिकेपासूनची. तिचा मुख्य दंडक असा: एका फाइलमध्ये एकच मूल्य. त्यामुळे प्रोग्रॅमला मजकूर चाळत बसावं लागत नाही. डीएमआयची ओळख-माहिती सिसएफएसमधून दाखवणारा कोड २००७ साली लिहिला गेला, म्हणजे आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक लिनक्सवर तो सापडेल.

२. पहिली फाइल उघडा

कॅट /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/प्रॉडक्ट_नेम

मॉडेलचं नाव आलं? सुडो लागला नाही, काही इन्स्टॉल करावं लागलं नाही. आता सगळंच एकदम पाहा:

ग्रेप . /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/* २>/डेव्ह/नल

ग्रेपनंतरचा टिंब विसरू नका. 'ज्या ओळीत काहीतरी आहे ती दाखव' असा त्याचा अर्थ, आणि त्यामुळे फाइलचं नाव आणि मूल्य शेजारी शेजारी छापलं जातं. शेवटचा तुकडा 'परवानगी नाही'चे इशारे गिळून टाकतो.

नेहमी लागणाऱ्या फाइली अशा: सिस_व्हेंडर म्हणजे यंत्र बनवणारी कंपनी, प्रॉडक्ट_नेम आणि प्रॉडक्ट_व्हर्जन, बोर्ड_व्हेंडर आणि बोर्ड_नेम मदरबोर्डसाठी, बायोस_व्हर्जन आणि बायोस_डेट. बायोसची तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस अशी असते. ०३/०५ दिसलं तर तो ५ मार्च.

चॅसिस_टाइपमध्ये नुसता आकडा येतो: ३ डेस्कटॉप, ८ पोर्टेबल, ९ लॅपटॉप, १० नोटबुक, २३ रॅकमधला सर्व्हर, ३० टॅबलेट, ३१ घडी उलटणारा कन्व्हर्टिबल. यंत्र लॅपटॉप आहे का हे ठरवताना फक्त ९ तपासू नका. ८, ९, १०, १४ आणि ३१ या सगळ्यांचा विचार करा, कारण एकाच जातीच्या यंत्राला कंपन्या वेगवेगळे आकडे देतात.

३. सिरियल नंबरला 'परवानगी नाही' का येतं

चार फाइली फक्त रूटसाठी उघडतात: प्रॉडक्ट_सिरियल, प्रॉडक्ट_यूयूआयडी (प्रत्येक यंत्राचा वेगळा असावा असा ओळख-क्रमांक), बोर्ड_सिरियल आणि चॅसिस_सिरियल. हे मुद्दाम केलं आहे. मॉडेलचं नाव हजारो यंत्रांना सारखंच असतं, सिरियल नंबर मात्र एकाच यंत्राकडे बोट दाखवतो. प्रत्येक साध्या प्रोग्रॅमला तो मिळाला तर माणसाचा माग काढणं सोपं होतं.

तुमच्या यादीच्या प्रोग्रॅमला तो हवाच असेल तर अख्खा प्रोग्रॅम रूट करू नका. दोन चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग परवानगी बदलण्याचा. सिसएफएसमध्ये परवानगी बदलणारी सीएचमोड ही कमांड चालते, पण रीबूट झालं की सगळं मूळपदावर येतं. म्हणून ते सिस्टमडीच्या (बूटपासून सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टीएमपीफाइल्स यंत्रणेवर सोपवा. 'यादी' नावाचा ग्रुप आधी तयार करा (टाइप करताना इंग्रजी अक्षरांत), मग '/ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी' मध्ये '.कॉन्फ'ने संपणारी फाइल बनवून ही एक ओळ घाला (०४४० म्हणजे रूट आणि त्या ग्रुपला फक्त वाचायचा हक्क):

झेड /सिस/डिव्हायसेस/व्हर्च्युअल/डीएमआय/आयडी/प्रॉडक्ट_सिरियल ०४४० रूट यादी

सुरुवातीचं झेड छोट्या लिपीतलं. इथे '/सिस/क्लास' ऐवजी लांब मार्ग दिला आहे, कारण क्लासखालचा 'आयडी' हा निव्वळ दुवा आहे आणि खरा फोल्डर व्हर्च्युअलखाली असतो. परवानगीच्या कामात खरा पत्ता देणं केव्हाही बरं.

दुसरा मार्ग जास्त आटोपशीर. बूट होताना एकदाच चालणारी छोटी सर्व्हिस रूटच्या हक्काने लागतील तेवढीच मूल्यं वाचते, '/रन' खाली एका फाइलमध्ये ठेवते आणि थांबते. मुख्य प्रोग्रॅम पुढे दिवसभर साध्या युजरच्या हक्काने ती फाइल वाचतो. मूल्यं बूटनंतर बदलतच नसल्यामुळे एकदा वाचणं पुरतं. प्रोग्रॅम नेटवर्कवर उघडा राहणार असेल तर हाच मार्ग घ्या.

४. वाचलेलं मूल्य खरं माना, पण तपासून

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कर्नल इथे टपालवाला आहे: फर्मवेअरने पाकिटात जे घातलं ते तसंच आणून देतो. ते बरोबर आहे का, हे तो पाहत नाही.

सुट्या भागांतून जोडलेल्या पीसीत, म्हणजे असेंबल्ड मशीनमध्ये, 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.', 'डिफॉल्ट स्ट्रिंग', 'सिस्टम प्रॉडक्ट नेम', 'सिस्टम सिरियल नंबर' अशी वाक्यं सर्रास सापडतात. बोर्ड बनवणाऱ्याने जागा सोडली, पीसी जोडणाऱ्याने ती भरली नाही. साठ पीसींचा सिरियल नंबर 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असेल आणि तुमच्या डेटाबेसमध्ये सिरियल नंबर हीच मुख्य किल्ली असेल, तर साठपैकी एकच नोंद उरेल. बाकीच्या एकावर एक लिहिल्या जातील, आणि चूक कुठेही दिसणार नाही. अशा वाक्यांची एक नकारयादी प्रोग्रॅममध्ये ठेवा. ती जुळली तर मूल्य 'नाही' समजा आणि बोर्ड_सिरियल किंवा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता वापरा. असेंबल्ड मशीनमध्ये बोर्ड_नेम आणि बोर्ड_व्हेंडर बहुधा खरे असतात, कारण ते बोर्डाच्या कारखान्यातच भरलेले असतात.

यूयूआयडीचंही तसंच. ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा क्रमांक नीट पाहा: तीन-दोन, चार-पाच, सहा-सात-आठ-नऊ असे आकडे ओळीने मांडलेले दिसतील. तो नमुन्याचा भरणा आहे आणि जगभरातल्या असंख्य बोर्डांवर तसाच राहिला आहे. तो दिसला की टाकून द्या.

यूयूआयडीत आणखी एक खड्डा आहे. एसएमबायोस २.६ पासून या क्रमांकाचे पहिले तीन गट उलट्या बाइटक्रमाने साठवायचे असं ठरलं. त्यामुळे एकाच यंत्राचा क्रमांक एका साधनात ००११२२३३-४४५५-६६७७ असा सुरू होतो, तर दुसऱ्यात ३३२२११००-५५४४-७७६६ असा. पुढचे दोन गट दोन्हीकडे सारखेच राहतात. दोन याद्या जुळत नसतील आणि शेपट्या मात्र जुळत असतील, तर कारण हेच. अक्षरं कुठे मोठ्या, कुठे छोट्या लिपीत येतात, म्हणून तुलना करण्याआधी सगळी एका लिपीत आणा.

कंपन्यांच्या सवयीही वेगळ्या. लेनोव्होच्या थिंकपॅडवर प्रॉडक्ट_नेममध्ये आकडे-अक्षरांचा मशीन-टाइप असतो, आणि माणसाला कळणारं 'थिंकपॅड अमुक' हे नाव प्रॉडक्ट_व्हर्जनमध्ये. सिस_व्हेंडर लेनोव्हो असेल तर तिथून नाव घ्या.

क्लाउडमधली व्हर्च्युअल मशीनही इथेच ओळखता येतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडमधल्या मशीनवर चॅसिस_ॲसेट_टॅगमध्ये ७७८३-७०८४-३२६५-९०८५-८२६९-३२८६-७७ हा आकडा असतो. दोन-दोन अंक वेगळे करा आणि आस्की तक्त्यात पाहा: ७७ म्हणजे एम, ८३ एस, ७० एफ, ८४ टी, ३२ मोकळी जागा... शेवटी 'एमएसएफटी ॲझ्युअर व्हीएम' असं वाक्य तयार होतं. क्लाउड-इनिटसारखे प्रोग्रॅम ॲझ्युअर ओळखताना हाच आकडा तपासतात. ॲमेझॉनच्या नव्या जातीच्या मशीनवर सिस_व्हेंडरमध्ये थेट 'ॲमेझॉन ईसी२' येतं.

'फाइल नाही' आणि 'फाइल आहे पण आत काही नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फर्मवेअरने ती नोंदच दिली नसेल तर कर्नल फाइल तयारच करत नाही. नोंद आहे पण मजकूर मोकळा असेल तर फाइलमध्ये नुसती कोरी ओळ मिळते. दोन्ही सांभाळा.

बायोस अपडेट केलं आणि जुनीच आवृत्ती दिसतेय, म्हणून घाबरू नका. कर्नल तक्ता बूटच्या वेळी एकदाच वाचतो. रीबूट करून पाहा. मदरबोर्ड बदलून आला असेल तर मात्र सिरियल नंबर आणि यूयूआयडी बदललेले किंवा कोरे असू शकतात, तेव्हा दुरुस्तीनंतर ते यंत्र पुन्हा नोंदवा.

५. रॅमच्या पट्ट्या: एका नोंदीच्या पोटात शिरून

'/सिस/क्लास/डीएमआय/आयडी' मध्ये रॅम नसते. पट्ट्यांची माहिती हवी असेल तर आधी सोपा मार्ग करून पाहा:

यूडेव्हएडीएम इन्फो -पी /डिव्हायसेस/व्हर्च्युअल/डीएमआय/आयडी

सिस्टमडीच्या नव्या आवृत्त्यांत यूडेव्ह (उपकरणांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) बूटच्या वेळी रॅमच्या नोंदी उलगडून ठेवतो, आणि 'मेमरी_डिव्हाइस_०_साइझ' अशा ओळी साध्या युजरलाही दिसतात. आल्या तर काम झालं.

नाही आल्या, किंवा मुळातून समजून घ्यायचं असेल, तर एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडता येणारा भाग, चढवा:

सुडो मॉडप्रोब डीएमआय-सिसएफएस

आता '/सिस/फर्मवेअर/डीएमआय/एंट्रीज' खाली प्रत्येक नोंदीचा फोल्डर दिसेल. १७-० ही पहिली पट्टी, १७-१ दुसरी. प्रत्येकात टाइप, लेंग्थ, हँडल, इन्स्टन्स, पोझिशन आणि 'रॉ' अशा फाइली असतात. रॉ म्हणजे फर्मवेअरने लिहिलेले बाइट जसेच्या तसे. इथल्या टाइप-हँडलसारख्या फाइलींवर तिसऱ्या पायरीतली परवानगीची युक्ती चालत नाही, कारण वाचणाऱ्याकडे प्रशासकाची क्षमता आहे का हे कर्नल स्वतः तपासतो. रूट होऊन वाचा.

नोंदीची रचना अशी: पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी, पुढचे दोन हँडल, म्हणजे नोंदीचा ओळख-आकडा. मग ठरलेल्या जागी ठरलेली मूल्यं. दुसऱ्या बाइटने सांगितलेली लांबी संपली की मजकुराच्या ओळी सुरू होतात, एकामागून एक, प्रत्येकीच्या शेवटी शून्य बाइट. लागोपाठ दोन शून्यं आली की नोंद संपली. मजकूर ठरलेल्या जागी नसतो, तिथे फक्त 'कितवी ओळ' हा आकडा असतो. मोजणी १ पासून. ० असेल तर मजकूर दिलेलाच नाही.

१७-० च्या फोल्डरमध्ये जा आणि पट्टीची क्षमता वाचा:

सुडो ओडी -ए एन -टी यू२ -जे १२ -एन २ रॉ

यातलं ए आणि आकडा २ च्या आधीचं एन मोठ्या लिपीत, बाकी सगळं छोट्या. अर्थ असा: १२ बाइट सोडून पुढचे २ बाइट आकडा म्हणून दाखव. ८१९२ आलं तर ८१९२ एमबी, म्हणजे ८ जीबी.

० आलं तर तो स्लॉट रिकामा आहे. नवीन रॅम मागवण्याआधी कॅबिनेट न उघडता हे कळतं, ही याची मोठी सोय. ६५५३५ म्हणजे फर्मवेअरलाच क्षमता माहीत नाही. आणि ३२७६७ आलं तर ते ३२७६७ एमबी समजू नका! या दोन बाइटांतला सगळ्यात वरचा बिट एकक सांगण्यासाठी राखलेला असतो, त्यामुळे ३२ जीबीचा आकडा इथे मावत नाही, म्हणून ३२ जीबी आणि त्याहून मोठ्या पट्टीसाठी ही खूण आहे. खरा आकडा २८व्या जागेपासून ४ बाइटांत असतो: वरच्या कमांडमध्ये यू२ ऐवजी यू४, १२ ऐवजी २८ आणि शेवटच्या २ ऐवजी ४ टाका. घरी बनवलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट ८ आणि १६ जीबीवर नीट चालतात आणि ३२ ची पट्टी लागली की चुकतात, त्या इथे.

याच पद्धतीने १८व्या जागचा एक बाइट रॅमची पिढी सांगतो: २४ डीडीआर३, २६ डीडीआर४, ३४ डीडीआर५. २१व्या जागचे दोन बाइट पट्टीचा कमाल वेग, ३२व्या जागचे दोन बाइट आत्ता लावलेला वेग. पहिल्यात ३२०० आणि दुसऱ्यात २६६६ असेल तर पट्टी चांगली आहे, पण बोर्ड किंवा बायोसची सेटिंग तिला आवरून धरते आहे. २३, २४ आणि २६ या जागांवर उत्पादक, सिरियल नंबर आणि पार्ट नंबर यांचे ओळ-क्रमांक असतात. पट्टी बदलून घ्यायची असेल तर पार्ट नंबरच मागतात.

कुठलीही जागा वाचण्याआधी लांबीचा बाइट पाहा. जुन्या एसएमबायोसमध्ये ही नोंद आखूड असते. लांबी २७ असताना २८वी जागा वाचलीत तर हाती मजकुराचे बाइट लागतील आणि प्रोग्रॅम त्यांना बिनदिक्कत रॅम म्हणून छापेल.

आपला आकडा शेवटी डीएमआयडीकोडशी ताडून घ्या:

सुडो डीएमआयडीकोड -टी १७

६. पूर्ण तक्ता दुसरीकडे न्यायचा असेल तर

'/सिस/फर्मवेअर/डीएमआय/टेबल्स' खाली दोन फाइली आहेत: 'एसएमबायोस_एंट्री_पॉइंट' आणि मोठ्या लिपीतली 'डीएमआय'. पहिलीत तक्त्याची आवृत्ती आणि आकार, दुसरीत पूर्ण रांग. दोन्ही फक्त रूटला दिसतात. कर्नल ४.२ पासून त्या आहेत, आणि आजचा डीएमआयडीकोड आधी तिथूनच वाचतो.

तक्ता जपून ठेवायचा तर या दोन फाइली हाताने जोडत बसू नका. हे वापरा:

सुडो डीएमआयडीकोड --डंप-बिन यंत्र१.बिन

मग दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, सुडोशिवाय:

डीएमआयडीकोड --फ्रॉम-डंप यंत्र१.बिन

मदत मागताना अशी फाइल कुणाला पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, तिच्यात सगळे सिरियल नंबर आहेत.

७. शेजारची दोन फोल्डर: एसीपीआय आणि ईएफआय

'/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स' मध्ये वीज, तापमान आणि इंटरप्टविषयीचे तक्ते असतात, नावं मोठ्या लिपीत. प्रत्येकाच्या सुरुवातीचे ३६ बाइट सारख्याच मांडणीचे: चार अक्षरी नाव, लांबी, आवृत्ती, बेरीज-तपासणी आणि बनवणाऱ्याची ओळख. त्यांतला डीएसडीटी हा मुख्य तक्ता वाचायचा असेल तर त्याची प्रत काढून आयएएसएल -डी ने उलगडा.

विंडोजसह विकत घेतलेल्या अनेक लॅपटॉपवर इथे एमएसडीएम नावाचा तक्ता मिळतो. त्याचे शेवटचे २९ बाइट म्हणजे विंडोजची लायसन्स की. लॅपटॉप पूर्ण पुसण्याआधी ती बघून ठेवा:

सुडो टेल -सी २९ /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स/एमएसडीएम

'/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हा फोल्डर असला तर मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट झालं आहे, नसला तर जुन्या बायोसच्या पद्धतीने. इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये एवढी तपासणी पुरते. आतल्या 'ईएफआयव्हार्स' मध्ये फर्मवेअरचे बदलते घटक फाइल म्हणून दिसतात. सिक्युअर बूट चालू आहे का, हे असं पाहा:

ओडी -ए एन -टी यू१ /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स/सिक्युअरबूट-*

इथेही -ए मधलं ए, आणि सिक्युअरबूटमधलं एस आणि बी मोठ्या लिपीत. उत्तर '६ ० ० ० १' असं येईल. पहिले चार बाइट घटकाचे गुणधर्म असतात, खरं मूल्य पाचवं. १ म्हणजे चालू. पहिला बाइट मूल्य समजून '६' नोंदवणं ही इथली नेहमीची चूक.

या फोल्डरमध्ये कधीही काही पुसू नका. इथल्या फाइली पुसणं म्हणजे मदरबोर्डच्या चिपवरचे घटक पुसणं, आणि काही फर्मवेअर त्यानंतर उठतच नाहीत. रूट होऊन सगळं पुसणारी कमांड चालवली आणि डिस्कबरोबर लॅपटॉपही गेला, असे प्रकार घडल्यावर २०१६ मध्ये कर्नलने बहुतेक फाइलींना न-बदलता-येण्याची खूण लावली. ती सीएचएटीटीआर -आय ने काढता येते. नेटवरच्या एखाद्या उत्तरात ही कमांड दिसली तर का हवी ते कळल्याशिवाय चालवू नका.

८. रास्पबेरी पायवर हे फोल्डर का नाहीत

पाय आणि तत्सम एआरएम बोर्डांवर बहुधा एसएमबायोस नसतो. तिथे फर्मवेअर कर्नलला डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या भागांचं वर्णन, देतं, आणि ते '/सिस/फर्मवेअर/डिव्हाइसट्री/बेस' मध्ये फोल्डर-फाइलींच्या झाडासारखं दिसतं. '/प्रॉक/डिव्हाइस-ट्री' हा त्याचाच दुवा.

टीआर -डी '\०' < /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल

साधं कॅट न वापरता टीआर का? इथल्या मजकुराच्या शेवटी नव्या ओळीऐवजी शून्य बाइट असतो. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये तो तसाच घेतला तर 'शून्य बाइट वगळला' असा इशारा येत राहतो. 'कम्पॅटिबल' या फाइलमध्ये तर अनेक नावं शून्यानेच वेगळी केलेली असतात. तिथे शून्य पुसलं तर सगळी नावं एकमेकांना चिकटतील, म्हणून शून्याच्या जागी नवी ओळ घाला.

आकड्यांची गोष्ट उलटी. एसएमबायोसमध्ये लहान बाइट आधी, डिव्हाइस ट्रीमध्ये मोठा बाइट आधी. ओडीला '--एन्डियन=बिग' सांगा, नाहीतर आकडे भलतेच येतील.

९. खोट्या यंत्रावर सराव करा

नकारयादी बरोबर चालते का हे पाहायला साठ पीसी कशाला? क्यूईएमयूला हवी ती माहिती घालून यंत्र उभं करता येतं. चालवताना हा पर्याय जोडा:

-एसएमबायोस टाइप=१,मॅन्युफॅक्चरर=माझी,प्रॉडक्ट=चाचणी,सिरियल=क्र००१

आतल्या लिनक्समध्ये सिस_व्हेंडर आणि प्रॉडक्ट_नेम तसेच दिसतील. मूल्यात स्वल्पविराम हवा असेल तर तो दोनदा टाकावा लागतो. सिरियलमध्ये 'डिफॉल्ट स्ट्रिंग' घालून, मग मोकळं सोडून, प्रोग्रॅम प्रत्येक वेळी काय करतो ते पाहा. व्हर्च्युअल मशीनमध्ये कुणालाही हवं ते लिहिता येतं, तेव्हा लायसन्स तपासण्यासाठी यावर विसंबणं किती कच्चं आहे, हेही इथे लगेच कळतं.

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, प्रोग्रॅम चालवणार असाल तर '/सिस/फर्मवेअर' आतून झाकलेलं असतं. '/सिस/क्लास/डीएमआय/आयडी' मात्र दिसतं, आणि ते कंटेनरचं नसून खालच्या मूळ यंत्राचं असतं. एका सर्व्हरवरच्या दहा कंटेनरांनी दहा यंत्रं म्हणून नोंद केली तर कारण इथे शोधा.

१०. आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवताना

पायथनमध्ये फाइल उघडा, वाचा, दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटा. कर्नल शेवटी नवी ओळ जोडतो, आणि काही फर्मवेअर मजकुरापुढे मोकळ्या जागा भरून ठेवतात. 'फाइलनॉटफाउंडएरर' आणि 'परमिशनएरर' वेगवेगळे पकडा. पहिल्याचा अर्थ 'या यंत्रात ही नोंद नाही', दुसऱ्याचा 'नोंद आहे, तुम्हाला हक्क नाही'. दोन्हींना 'अज्ञात' म्हणून एकत्र केलंत तर पुढे चूक शोधताना हाल होतील. फाइलचा आकार पाहून बफर ठरवू नका: सिसएफएसमध्ये साध्या फाइलीचा आकार बहुधा ४०९६ दिसतो, आत दहा अक्षरं असली तरी. रॉ आणि डिव्हाइस ट्रीच्या फाइली बाइट म्हणून उघडा, मजकूर म्हणून नको.

कर्नल मॉड्यूल लिहून स्वतःच्या बोर्डावरची एखादी खाजगी नोंद, समजा प्रकार २००, प्रोग्रॅमना दाखवायची असेल, तर साहित्य कर्नलमध्ये तयार आहे. 'डीएमआय_वॉक' हे फंक्शन प्रत्येक नोंदीसाठी तुमचं फंक्शन बोलावतं. प्रकार जुळला की आधी लांबी तपासा, मग मूल्य स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या. नोंदीचा पॉइंटर जपून ठेवू नका, कारण फेरी संपल्यावर तो भाग कर्नलच्या नकाशातून काढला जातो. दोन बाइटांचे आकडे विषम जागेवर असू शकतात, तेव्हा 'गेट_अनअलाइन्ड_एलई१६' वापरा. मग 'फर्मवेअर_केऑब्ज' खाली आपला फोल्डर तयार करा, म्हणजे तो '/सिस/फर्मवेअर' मध्ये दिसेल, आणि मूल्य छापताना 'सिसएफएस_एमिट' घ्या. ते कर्नल ५.१० पासून आहे आणि एका पानाची मर्यादा ओलांडू देत नाही. ही सगळी फंक्शनं मिळण्यासाठी मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल लागतं.

एका फाइलमध्ये एकच मूल्य हा दंडक इथे तुम्हालाही लागू आहे. चार मूल्यं स्वल्पविरामाने एका फाइलमध्ये कोंबायचा मोह होईल. पण एकदा ती फाइल कुणाच्या प्रोग्रॅमने वाचायला सुरुवात केली की तिची मांडणी बदलता येत नाही. सिरियल नंबरसारखं मूल्य असेल तर परवानगी ०४०० ठेवा, मॉडेलसारखं असेल तर ०४४४. आणि फाइल काय दाखवते, कुठल्या एककात, कुठल्या आवृत्तीपासून, हे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधल्या एबीआय फोल्डरमध्ये लिहा. तुमच्या मॉड्यूलच्या फाइली वाचणारा माणूस तिथेच येऊन शोधणार आहे.